बेळगावात नवीन आलायसा? मग गल्लीतल्या मटण खानावळीत रात्रीचं जेवायला असं जावा

कोण बदली होऊन आलंय, कोण केएलईला ॲडमिशन घेऊन, कोण उद्यमबागेत कामाला लागलंय, आणि पहिल्या आठवड्यात सगळ्यांचा प्रश्न एकच, बेळगावात चांगलं मटण कुठं मिळतं ओ. मग कोणतरी मोबाईल काढतो, स्टार बघतो आणि एखादं एसीवालं ठिकाण सांगतो, तिथं पनीर बटर मसाला पण मिळतो आणि मटण मसाला पण, आणि दोन्हीची ग्रेव्ही एकाच पातेल्यातली. वाढदिवसाला वगैरे ठीक आहे, माझं काय म्हणणं नाही. मी सांगतोय ते तुमच्या रूमपासून चालत जाता येईल अशा खानावळीबद्दल, सात-आठ टेबलं, बाहेर बोर्डावर वर कन्नड खाली मराठी, आत भिंतीवर देवाचा फोटो आणि त्याच्या शेजारी दरपत्रक. शहापूर, वडगाव, खासबाग, अनगोळ, टिळकवाडी, कॅम्प, कुठंही राहा, एक तरी असतेच. नाव कुणाचं घेणार नाही, कारण इथं प्रत्येकाची आपली एक ठरलेली असते आणि त्यावरून मित्रामित्रात बोलणं बंद झालेलं बघितलंय.

या खानावळी मस्त असतात पण त्यांचा एक हिशोब असतो, वाराचा आणि पातेल्याचा. तो कळला नाही तर चांगल्या ठिकाणी जाऊन पण पाणचट रस्सा पिऊन घरी येता आणि मग म्हणता बेळगावात काय दम नाही.

आधी वार बघा

इथं अर्धं गाव सोमवारी खात नाही, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, सौंदत्तीच्या यल्लम्माला मानणाऱ्या घरांत मंगळवार-शुक्रवार पण पाळतात, त्यात मधेच संकष्टी नाहीतर एकादशी टपकते. सगळं वजा केलं की हातात राहतो बुधवार आणि रविवार. खानावळवाला पण याच हिशोबानं मटण घेतो, त्यामुळं सोमवारी-गुरुवारी जाऊन मटणाची अपेक्षा करू नका, त्या दिवशी बऱ्याच ठिकाणी अंडा करी आणि चिकनवर भागवतात, काही ठिकाणी शटरच खाली.

आता रविवार की बुधवार? नवख्या माणसानं बुधवार धरावा असं माझं मत. रविवारी खरा मारा दुपारी असतो, अख्खी कुटुंबं येतात, वेटिंग लागतं, आणि रात्री जे मिळतं त्यातलं बरंच दुपारच्यातलंच असतं. बुधवारी रात्रीसाठी म्हणून स्वयंपाक झालेला असतो, गर्दी बेताची, मालकाला बोलायला पण वेळ असतो.

वर्षाचा पण एक वार असतो म्हणा. आषाढ अमावस्येच्या आधीचे तीन-चार दिवस तर जाऊच नका, म्हणजे जावा, पण उभं राहून खायची तयारी ठेवा. श्रावण लागला की निम्म्या खानावळी रंगकाम काढतात नाहीतर गावाकडं जातात, मग गणपती, मग नवरात्र, दसरा होईपर्यंत सगळं मंदच. अनंत चतुर्दशीची मिरवणूक रात्रभर चालते आणि शिवजयंतीच्या चित्ररथांची पण, त्या रात्री गाडी घेऊन गावात शिरणं म्हणजे जेवण राहिलं बाजूला. १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि त्याच दिवशी मराठी माणसांची काळ्या दिवसाची फेरी, रस्ते बंद, पोलीस, दुकानांची पण शाश्वती नाही, तेव्हा त्या दिवशी घरीच पिठलं टाका. आणि हो, जेवताना शेजारच्या टेबलावरच्या माणसाला सीमाप्रश्नावर मत विचारायचं नाही, तो सांगेल, आणि तुमचा रस्सा गार होईल.

साडेसातला पोचा, साडेनऊला नाही

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तांबडा-पांढऱ्याच्या खानावळीत मटण, तांबडा रस्सा आणि पांढरा रस्सा हे तीन वेगळे पदार्थ वाटतात पण मूळ एकच. मटणाला हळद, मीठ, आलं-लसूण लावून आधी नुसतं शिजवून घेतात. शिजताना जे पाणी सुटतं आणि जे वरून घातलेलं असतं त्यात हाडांचा, चरबीचा सगळा अर्क उतरतो, ते अळणी. मग त्या अळणीच्याच वाटण्या होतात, थोडी नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजूच्या वाटणात जाते, तो पांढरा. बरीचशी भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या आणि लाल चटणीच्या फोडणीत जाते, तो तांबडा. उरलेली सुक्याला अंगाबरोबर. म्हणजे जितकं मटण शिजलं तितकीच अळणी, रात्री नऊ वाजता ती वाढत नाही.

गर्दी मात्र वाढते. आणि रस्सा तर परत परत वाढावा लागतो, गिऱ्हाईक वाटी पुढं करतंच. मग काय होतं, अळणी वाढत नाही, पाणी वाढतं. चांगला मालक पाणी वाढवण्यापेक्षा सरळ रस्सा संपला म्हणून सांगतो, असा मालक भेटला तर ती खानावळ सोडू नका. बाकीच्यांकडं साडेनऊला गेलात तर वाटीत वर लाल तेल आणि खाली कोमट पाणी असा प्रकार मिळेल. साडेसात ते सव्वाआठ ही वेळ धरा, तांबड्याला तोवर उकळ्या बसलेल्या असतात, पांढरा अजून फुटलेला नसतो, नळ्या संपलेल्या नसतात. टिळकवाडीत रेल्वेचं गेट ओलांडून जायचं असेल तर दहा मिनिटं जास्तीची धरा, गेट पडलेलं असतंच.

जायच्या आधी एक फोन

दोघं असाल तर नको. चौघांच्या वर असाल तर दुपारीच फोन करा. आणि गावठी कोंबडी खायची असेल तर आदल्या दिवशी, कारण ती मागवून, कापून, दोन तास शिजवावी लागते, ऐनवेळी गेलात तर बॉयलरच मिळणार, आणि तो तांबड्या रश्शात घातला म्हणून गावठी होत नाही. फोनवर फार औपचारिक बोलायचं नाही, "काका, रात्री सहाजण येतो, दोन गावठी ताट, चार मटण, नळी जरा बाजूला ठेवा की" एवढं बास. काउंटरवर बाई असेल तर मावशी नाहीतर वहिनी, मुलाला बाळ म्हणा नाहीतर त्याचं नाव विचारून घ्या. पोरगा गोकाक, बैलहोंगलकडचा असेल तर तो कन्नडच बोलणार, तुम्हाला येत नसेल तरी "अण्णा" म्हणून सुरुवात केली की काम होतं, इथं वाढपी मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही एका वाक्यात वापरतो आणि सगळ्यांना कळतं पण.

स्वयंपाकघर कुठल्या बाजूचं ते ओळखा

बेळगावच्या एका अंगाला कोल्हापूर, दुसरीकडं हुबळी-धारवाड, आणि पश्चिमेला चोर्ला घाट उतरला की गोवा. त्यामुळं दोन गल्ल्यांत दोन वेगळ्या देशांचं जेवण मिळतं. ताटात तांबडा-पांढरा आला की कोल्हापूरकडचं. सावजी असं लिहिलेलं असेल तर ते सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाचं, मूळचा विणकरांचा समाज, यांच्याकडं रस्सा जास्त गडद, मसाला भाजका, खिमा छान, आणि तिखटाला दयामाया नाही, यांच्याकडं पांढरा रस्सा मागून हसं करून घेऊ नका. आणि जिथं भात आधी येतो, सोबत नारळाचं हुमण नाहीतर कालवण, तिथं गोव्या-कारवारकडचा हात, तिथं मटण मागवायचंच नाही, मासे खायचे.

माशांचं एक लक्षात ठेवा, १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत तुमच्या ताटात बांगडा फ्रेश म्हणून आला तर तो कुठल्या तरी बर्फातून किंवा छोट्या होडीतून आलाय असं समजून भाव ठरवा. पाऊस पण तेव्हाच, गाव साधारण ७५० मीटर उंचीवर असल्यानं रात्री चांगलं गारठतं, मग माशापेक्षा रस्साच बरा.

ऑर्डर

"काय चांगलं हाय?" असं कधी विचारायचं नाही. उत्तर ठरलेलं आहे, "सगळं चांगलंच हाय की ओ." विचारायचं ते असं, आत्ता काय उतरवलंय, सुकं आत्ताचं काय, नळी शिल्लक हाय काय. असं विचारलं की वाढप्याला कळतं गिऱ्हाईक कच्चं नाही, आणि तो आत जाऊन खरंच बघून येतो.

पहिल्यांदा जाताय तर एक पूर्ण मटण ताट घ्या, त्यात सगळं येतं, सुकं, तांबडा, पांढरा, भाकरी नाहीतर चपाती, भात, कांदा-लिंबू, कुठं कुठं अर्धं अंडं आणि सोलकढी. दोघांत एक ताट आणि वर एक साधं राइस प्लेट असं जुगाड पण चालतं पण आधी विचारा, काही ठिकाणी ताट शेअर करायचं नाही असं बोर्डावर लिहिलेलं असतं आणि मालक त्या बोर्डाबाबतीत फार हळवा असतो. वजडी, मुंडी, काळीज हे बुधवार-रविवारीच आणि तेही लवकर संपतं, खात असाल तर बसल्या बसल्या सांगा. खात नसाल तर शेजारच्याचं बघून नाक मुरडू नका.

भाकरीबद्दल दोन शब्द जास्त बोलतो कारण नवीन लोक इथंच चुकतात, बसल्या बसल्या "चार भाकरी" सांगून मोकळे होतात. जमलं तर तव्याजवळचं टेबल धरा. मागं बसलेली मावशी ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळून परातीत थापते, हाताला पीठ लावत लावत ती भाकरी गोल फिरते, तव्यावर टाकली की वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवते, पाणी सुकलं की उलटते, आणि मग तव्यावरून काढून जाळाला उभी धरली की ती टम्म फुगते आणि वरचा पापुद्रा सुटतो. त्या वेळी ती तुमच्या ताटात पाहिजे. पाच मिनिटांनी ती वातड होते आणि दहा मिनिटांनी ती मोडून रश्शात भिजत घालावी लागते. म्हणून एकावेळी एकच घ्या, ती संपत आली की पोरगा स्वतःच येतो, "आणि एक आणू काय ओ?" तेव्हा हो म्हणायचं. खानापूरकडच्या लोकांच्या खानावळीत तांदळाची भाकरी मिळते, ती मऊ राहते, पण रश्शाला ज्वारीचीच.

भात शेवटी. आणि जिथं भात लहान दाण्याचा, जरा चिकट आणि वास सुटलेला असेल तिथं तो नक्की खा, येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या शिवारातला बासमती इथल्या लोकांचा अभिमान आहे, बिर्याणीतल्या लांब दाण्याच्या बासमतीशी त्याचा काही संबंध नाही. रोजच्या ताटात तो मिळेलच असं नाही, महाग पडतो, पण सणावाराला एखादा हौशी मालक लावतो.

खायचं कशा क्रमानं

पांढरा पहिल्यांदा, नुसता, वाटी तोंडाला लावून. लाजायचं काय नाही, सगळे तसंच पितात. त्यात मिरी, लवंग, दालचिनीचा गरमपणा असतो, तिखट नसतो, आणि घशाला बरं वाटतं. तो गार झाला की वर साय धरल्यागत चरबी गोठते आणि मग मजा गेली. तांबड्याची वाटी आली की लगेच वरचा तवंग ओढायचा नाही, चमचा तळापर्यंत घालून एकदा हलवा, चव खाली बसलेली असते, वर नुसता रंग आणि तेल. मग भाकरीचा तुकडा, त्यात सुकं, तो तांबड्यात बुडवून. नळी ताटावर आपटून आतला मगज काढायला कुणाची परवानगी लागत नाही, फक्त समोरच्याच्या शर्टाकडं लक्ष ठेवा.

वाटी रिकामी दिसली की ती भरली जाते, तुम्ही मागितलं नाही तरी. नको असेल तर वाटीवर हात धरा आणि "साकू" म्हणा, म्हणजे कन्नडमध्ये पुरे, नुसतं "नको नको" म्हटलं तर तो संकोच समजतात आणि अर्धी वाटी तरी पडतेच. रश्शाला पैसे नाहीत म्हणून पिंपभर पिणारे पण असतात, दोनदा-तीनदा घ्या, त्याच्या पुढं मालक बोलत नाही पण बघतो.

तिखट झेपेल का हा प्रश्न येणारच. रंगाला घाबरू नका, रंग बहुतेक ब्याडगी मिरचीचा असतो, आणि ब्याडगी दिसते तेवढी तिखट नाही. झणका येतो तो संकेश्वरीचा नाहीतर लवंगीचा, आणि तो पहिल्या घासाला कळत नाही, चौथ्या-पाचव्याला कळतो. कळला की लोक काय करतात, तांब्याभर पाणी पितात. काय उपयोग नाही, मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेल-तुपात, दुधा-दह्यात विरघळतो, पाण्यानं तो तोंडभर पसरतो फक्त. दही मागा, किंवा सोलकढीचा एक घोट, त्यात नारळाचं दूध असतं, किंवा भातावर चमचाभर तूप. आधीच सांगायचं असेल तर "चटणी कमी" असं सांगा, इकडं चटणी म्हणजे ती कांदा-लसणाची लाल भुकटी, उन्हाळ्यात मिरच्या वाळवून वर्षाची कुटून ठेवलेली. पण खरं सांगायचं तर रस्सा आधीच शिजलेला असतो, तुमच्यासाठी वेगळा कुणी करत नाही, कमी म्हटलं तर वरचा तवंग बाजूला करून वाढतात एवढंच.

सोबत कोण शाकाहारी असेल तर

त्याला मटण खानावळीत नेऊन मसूर खायला घालू नका, बिचारा रश्शाच्या वासात बसून काय जेवणार. म्हणजे अख्खा मसूर चांगला असतो, नाही असं नाही, पण त्यापेक्षा तो दिवसच वेगळा काढा आणि लिंगायत खानावळीत जावा. तिथं ज्वारीची पातळ भाकरी, मऊ किंवा कडक हवी तशी, तेलात मुरलेली भरली वांगी, मोडाच्या कडधान्याची भाजी, शेंगदाण्याची आणि कारळाची चटणी, कच्ची मेथी, कांद्याची पात, मुळा, वर घट्ट दही. सोमवार-गुरुवारचा प्रश्न पण असाच सुटतो. इथं तिखट कमी आणि पोट जड कमी, रात्रीच्याला मला स्वतःला तर आठवड्यातून एकदा हेच बरं वाटतं, पण हे मटणवाल्या मित्रांसमोर बोलत नाही.

पिणाऱ्यांनी एक समजून घ्या, बार अँड रेस्टॉरंट वेगळं आणि खानावळ वेगळी. खानावळीत बायकापोरं जेवत असतात, तिथं बाटली काढायची नाही, थंड पेयाच्या बाटलीत मिसळून आणलेली पण नाही, मालकाला कळतं. तिकडून घेऊन झालं असेल तर शांतपणे जेवा आणि निघा.

बिल आणि पार्सल

बिल तोंडी असतं बऱ्याचदा. पोरगा टेबलाजवळ उभा राहून एका दमात म्हणतो, काउंटरवर ओरडून सांगतो, तुम्ही काउंटरवर देता. फोनपे सगळीकडं चालतं, तरी शे-दोनशे सुट्टे ठेवा, पावसात नेट जातं. छापील बिलावर जीएसटी लावला असेल तर जीएसटी नंबर आहे का ते बघा, आणि नंबर असला तरी कॉम्पोझिशन स्कीममधल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दरानं कर भरणाऱ्या, छोट्या हॉटेलवाल्यांना गिऱ्हाइकाकडून वेगळा टॅक्स घेता येत नाही. टिप सक्तीची नाही, पण वाढप्याच्या हातात दहा-वीस दिले तर पुढच्या बुधवारी नळी तुमच्याकडं येते, हे मी लाच म्हणत नाही, ओळख म्हणतो. ओळख पडायला तीन-चार वेळा एकाच ठिकाणी जावं लागतं, दर वेळी नवीन हॉटेल ट्राय करणाऱ्याला बेळगावात कुणी जास्तीची वाटी देत नाही.

गोड तिथंच मागू नका, बहुतेक ठिकाणी नसतंच, आइस्क्रीमचा कप असतो फार तर. कुंदा खायचा असेल तर जेवायच्या आधीच घेऊन ठेवा, मिठाईची दुकानं तुमचं जेवण व्हायची वाट बघत नाहीत. नाहीतर कोपऱ्यावरचं पान.

पार्सल नेणार असाल तर घरून डबा न्या, उकळता रस्सा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दुचाकीला अडकवून नेणं बघवत नाही, आणि रस्त्यातला एक खड्डा पुरतो. सुकं वेगळं, तांबडा वेगळा. दुसऱ्या दिवशी तांबडा खळखळून उकळा, तो आदल्या दिवसापेक्षा बरा लागतो. पांढरा मात्र मंद जाळावर ढवळत ढवळत फक्त गरम करा, उकळी आली की नारळाचं दूध फुटतं आणि पाणी एकीकडं, चोथा एकीकडं होतो, त्यामुळं पांढरा शक्यतो पार्सल घेऊच नका, तिथंच पिऊन या.